तुमची नजर शाबूत होती, उस्ताद

उस्ताद, तुमच्या मातीला मी नव्हतो. नसीमआपाचा फोन आला तेव्हा मी इथं कोइमतूरच्या कारखान्यात लेथवर उभा होतो. इथून कळंबला पोचायला दीड दिवस लागतो. तेवढं तुम्हाला कुणी थांबवून ठेवणार नव्हतं, आणि कुणाची वाट बघत बसणं तुमच्या स्वभावातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आपानं पुन्हा फोन केला. रडून मोकळी झाली होती, आवाज बसलेला होता. म्हणाली, "लई माणूस आलं होतं रे सिद्दू. रस्त्यावर गाड्या अडल्या. नाना बी आले काठी टेकत. सगळ्यांसमोर बोलले, असा हात ह्या भागात पुन्हा व्हणार न्हाय. डोळ्यांनी दगा दिला, न्हाईतर शेवटपर्यंत माझं चारसौ पचपनचं रिव्हॉल्व्हर ह्याच माणसानं उघडलं असतं."

आपा हे कौतुक म्हणून सांगत होती. बापाबद्दल नानांसारखा मोठा जमीनदार चार लोकांत बोलला, याचं तिला बरं वाटत होतं. मी "व्हय, व्हय" म्हणालो आणि मशीन बंद केलं.

डोळ्यांनी दगा दिला. बारा वर्षं हे वाक्य कळंबच्या बाजारात फिरतंय आणि ते खोटं आहे. ते खोटं आहे हे दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक आता मातीआड गेला, राहिलो मी. मी आधीच भित्रा. खोलीचं कुलूप लावून जिना उतरतो आणि पुन्हा वर जाऊन बघून येतो, लावलं का नाही म्हणून. अशा माणसाच्या एकट्याच्या खिशात हे राहिलं तर ते माझ्याबरोबरच जाईल. म्हणून लिहितोय. तुमच्या चाळिसाव्या दिवशी, दुकानापुढं सतरंजी टाकून बसलेल्या माणसांसमोर हा कागद वाचला जावा अशी माझी इच्छा आहे. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, वेलांटी-उकार चुकले असतील. पण जे सांगायचंय ते चुकणार नाही.

तुम्हाला आठवतं का, मला तुम्ही कसं उचललं ते? मी तुमच्या दुकानाच्या बाजूला सायकलच्या टपरीत कामाला होतो. एकदा फ्रीव्हील उघडत होतो. उघडण्याआधी खाली फडकं अंथरलं, म्हणजे छर्रे मातीत सांडू नयेत. एवढंच. तुम्ही तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलंत आणि टपरीवाल्याला म्हणालात, "हे पोरगं मला दे. हे आधी फडकं टाकतंय आन मग खोलतंय."

टपरीवाला म्हणाला, "न्या की. खातंय लई."

तुमचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतीवर परवान्याची चौकट, खाली लाकडी ओटा, ओट्यावर जुनी वाकळ. येणारं काम बहुतेक बारा बोअरच्या बंदुकांचं, रानडुकरांपासून ज्वारी राखायला लोकांनी ठेवलेल्या. ते काम तुम्ही पोटासाठी करायचात, मन लावून करायचात, पण करताना बोलत असायचात. एखादं मोठ्या बोअरचं जुनं रिव्हॉल्व्हर आलं की मात्र तुमचं बोलणं बंद व्हायचं. हात धुवायचात, साबणानं, कोपरापर्यंत. "घाम लागला की पोलाद रडतंय," म्हणायचात. मग वाकळीवर पांढरी मलमल टाकायचात आणि रिव्हॉल्व्हर त्यावर ठेवून नुसतं बघत बसायचात. पहिला चहा येऊन गार व्हायचा.

नानांचं चारसौ पचपन, म्हणजे पॉइंट चारशे पंचावन्न बोअरचं रिव्हॉल्व्हर, मी पहिल्यांदा बघितलं ते असंच, मलमलीवर. विलायती, निजामाच्या वेळचं, नानांच्या वडिलांनी घेतलेलं. सव्वा किलोच्या आसपास वजन. नळीचं तोंड एवढं मोठं की माझी करंगळी आत गेली असती. मुठीखाली दोरी अडकवायची कडी, घोड्यावरून सरकणाऱ्या माणसाच्या हातून ते पडू नये म्हणून. काडतुसं मिळायची कधीच बंद झाली होती, म्हणजे ते आता कुणाला मारणार नव्हतं. तुम्ही अंगठ्यानं खटका दाबलात आणि ते कमरेतून वाकलं. नळी खाली गेली, सहा घरांच्या चक्रीतून रिकामी काडतुसं ढकलणारी पोलादाची चांदणी अलगद वर आली आणि परत बसली. आवाज असा की एखाद्यानं जीभ टाळ्याला लावून सोडावी.

"बघितलंस?" तुम्ही म्हणालात. "कसं झुकून सलाम करतंय. आता ह्याला इज्जतीनं जवाब दे."

मी येड्यासारखा खरंच कपाळाला हात लावला. तुम्ही हसला नाहीत.

मग तुम्ही मूठ काढलीत. त्यासाठी तुमच्याकडं वेगळा पेचकस होता. मला आधी कळायचं नाही, एवढे चाळीस-पन्नास पेचकस एका माणसाला कशाला लागतात. तुम्ही सांगितलंत, जुन्या विलायती हत्याराच्या प्रत्येक स्क्रूची खाच निराळी असते, बाजारातला पेचकस तिच्यात हलतो, हलला की घसरतो आणि घसरला की शंभर वर्षांच्या पोलादावर ओरखडा उठतो. म्हणून प्रत्येक रिव्हॉल्व्हरसाठी तुम्ही स्वतः पेचकस घासून ठेवलेला. जिथं कुणी बघणार नव्हतं त्या मुठीच्या लाकडाआड, आतल्या पोलादावर, कानशीच्या रेघा दिसत होत्या. एकीला लागून एक, सरळ, शेतातल्या पेरणीसारख्या.

"ही मूठ लावल्यावर हे कुणाला दिसणार होतं, सांग," तुम्ही म्हणालात. "कुणाला बी न्हाय. मालकाला न्हाय, दुश्मनाला न्हाय. तरी त्या कारागिरानं कानस वाकडी चालू दिली न्हाय. ह्याला काम म्हणत्यात बेटा. बाकीची मजुरी."

उस्ताद, आज मी पंप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. पाण्याच्या पंपाच्या पोटात काय आहे हे विहिरीतल्या बेडकालाही दिसत नाही. पण आतला कोपरा खरखरीत राहिला तर मला रात्रभर झोप लागत नाही. इथले तमिळ सुपरवायझर मला हसतात, आणि निर्यातीचा माल असला की तो माझ्याच मशीनवर टाकतात. कुठं शिकलास विचारलं की मी डिप्लोमा सांगू शकत नाही. सांगतो, कळंबला, उस्तादांकडं. त्यांना कळंब ठाऊक नाही. मी मान ताठ करून सांगतो म्हणून त्यांना वाटतं फार मोठी संस्था असणार. ती होतीच.

बाजाराच्या दिवशी दुपारी दुकानात जी बैठक बसायची तिला गावानं "चारसौपचपनवाले" नाव ठेवलेलं. नाना यायचे, आमच्याच गावचे, मोठ्या जमिनीचे, पांढऱ्या कपड्यातले. आणि सुभेदार यायचे, फौजेतून रिटायर, त्यांच्याकडं लांब नळीचं अमेरिकन पंचेचाळीस, ज्याची चक्री बाजूला आडवी उघडते. दोघं आपापली लायसनं खिशात आणि रिव्हॉल्व्हर पिशवीत घेऊन साफसफाईचं निमित्त करून यायचे. साफ करण्यासारखं काही नसायचंच. मग वाद.

"नाना, कमरेत मोडणाऱ्या हत्याराचा आन कमरेत मोडणाऱ्या गड्याचा भरवसा न्हाय," सुभेदार सुरू करायचे. "सांधा आज ना उद्या ढिला पडणारच."

"शंभर वर्षं पडला न्हाय, तुमच्या सांगण्यानं पडंल व्हय? आन तुमचं ते बघा. चक्री बाहेर लोंबतीय, शेळीच्या कासंवानी."

"शेळी तर शेळी, दूध तरी देती. तुमचं नुसतं सलाम ठोकतंय."

"उस्ताद, सांगा ह्यांना काय तरी."

तुम्ही दोघांची रिव्हॉल्व्हरं मलमलीवर शेजारी-शेजारी ठेवायचात आणि म्हणायचात, "ही दोघं बघा कशी गपगुमान बसल्यात. जरा शिका त्यांच्याकडनं. चा घ्या."

एकदा सुभेदारांनी विचारलं, "उस्ताद, तुम्ही स्वतः किती राउंड मारले असतील आजवर?" तुम्ही म्हणालात, "मोठ्या बोअरचा एक बी न्हाय." तुम्ही मुठीवरनं फडकं फिरवत म्हणालात, "सतार बनवणारा मैफलीत गातो व्हय? त्याला तार कशी बोलंल ते बोटात कळतंय. पुरं हाय तेवढं."

त्याच दिवशी घरी जाताना मी तुमच्याशी भांडलो. तो आपला अर्धवट राहिलेला वाद. मी म्हणालो होतो, उस्ताद, सतारीनं कुणी मरत नाही. मी तुम्हाला माझ्या आज्याचं सांगितलं. नानांचे वडील घोड्यावरून वस्तीपुढनं जायचे, कमरेला हेच चारसौ पचपन, आणि माझा आजा खाली मान घालून भिंतीला चिकटायचा. गोळी कधी सुटली नाही. सुटायची गरजच नव्हती. ते नुसतं कमरेला असायचं आणि आमची मान खाली जायची. तुम्ही त्याच्यावर मलमल पसरता, मी त्याला सलाम करतो, हे कसलं प्रेम, असं मी तुम्हाला विचारलं.

तुम्ही तोंडातलं पान थुंकलंत. मग म्हणालात, "मी घडवणाऱ्याचा हात बघतो. धरणाऱ्याचा न्हाय."

मी म्हणालो, "घडवणाऱ्याला ठाऊक होतं की कोण धरणार."

"असंल," तुम्ही म्हणालात. "पण आज ते कुणाच्या मांडीवर खोललेलं असतंय, सिद्दू?"

खरं होतं ते. माझ्या आज्यानं ज्याच्याकडं मान वर करून बघितलं नव्हतं, त्याचा एकेक तुकडा सुटा करून मी मलमलीवर मांडत होतो आणि डोळे झाकून परत जोडत होतो. नाना समोर बसून म्हणायचे, "जपून हां सिद्धार्थ." नावानं हाक मारायचे, पूर्ण. माझ्या छातीत काय व्हायचं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. तुमच्या उत्तरानं तो वाद संपला नाही, उस्ताद. मला अजून वाटतं घडवणाऱ्याला ठाऊक असतं. पण ते अर्धवट सोडलेलं भांडण मी बारा वर्षं बरोबर वागवलंय, आणि परमुलखात अशी एखादी गोष्ट बरी असते, मनात चालू राहणारी.

आता ती गोष्ट.

खंडेनवमीला आपल्या भागात हत्यारांची पूजा होते. आमच्या धंद्यात तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाला फार मोल. लोक श्रद्धेनं बंदुकीला, रिव्हॉल्व्हरला हळद-कुंकू लावतात, वर लिंबू ठेवतात, कुणी करडईचं तेल चोपडतात. तुम्ही पिशव्या उघडून ओरडायचात, "अहो पाटील, हे हत्यार हाय का धपाटं? खायला काढलंय व्हय?" ओलं कुंकू आणि लिंबाचा रस पोलादाला चार दिवसांत खातात. म्हणून दसरा झाला की तालुक्यातली हत्यारं तुमच्याकडं यायची. पूजा त्यांची, कुंकू पुसायचं काम आपलं. तुम्ही ते कसं करायचात! आधी मनातल्या मनात काहीतरी पुटपुटायचात. मी विचारलं तर म्हणालात, "लोकांनी देव म्हणून लावलंय. पुसायच्या आधी माफी मागावी लागती."

त्या वर्षी नानांचं चारसौ पचपन आलं तेव्हा कुंकवाखाली गंजाचे ठिपके उठले होते. चक्रीखालच्या पोलादावर, जिथं नंबर ठोकलेला असतो, तिथं जास्त. तुम्हाला येडशीला पाहुण्याकडं जायचं होतं. जाताना सांगितलंत, "तेल लावून ठेव. दोन दिवस भिजू दे. हात लावू नको, मी आल्यावर बघतो."

मी हात लावला.

का लावला ते आज सगळ्यांसमोर सांगतो. मी चोवीस वर्षांचा होतो. लग्न ठरलेलं होतं. मला वाटलं, हे रिव्हॉल्व्हर नानांच्या घरी परत गेल्यावर सगळं गाव बघेल, आणि कुणीतरी विचारेल, एवढं झळाळतंय, कुणाचा हात? आणि नाना म्हणतील, सिद्धार्थचा. आमच्या वस्तीतल्या पोराचा हात नानांच्या हत्यारावर दिसावा, एवढी एकच हाव. मी पॉलिशचं चाक सुरू केलं. ठिपके गेले. मग वाटलं बाकीचं काळपट दिसतंय, ते पण घेऊ. शंभर वर्षांचा तो निळा-काळा रंग, ज्याला तुम्ही बोटाचा ठसाही लागू देत नव्हता, तो मी अर्ध्या तासात उतरवला. आरशासारखं झालं. मी त्यात माझं तोंड बघितलं, केस नीट केले. आणि तुमची वाट बघत बसलो. शाबासकीची.

तुम्ही संध्याकाळी आलात. दारातूनच बघितलंत. दहा फुटांवरून, उस्ताद! पायातली चप्पल काढायच्या आधी तुम्ही म्हणालात, "आकडा कुठाय?"

मी बघितलं. नंबरातले शेवटचे दोन आकडे नव्हते. त्यांच्या जागी माझं तोंड दिसत होतं.

नंबर गेलेलं हत्यार म्हणजे काय, हे सांगायला नको. लायसनवरचा आकडा आणि हत्यारावरचा आकडा जुळला नाही की ते हत्यार बेवारशी, आणि ज्यानं आकडा घालवला त्याच्यावर गुन्हा. तुम्ही ओरडला नाहीत. ओट्यावर बसलात, पाणी प्यालात, त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवलात. एखाद्याच्या जखमेवरून फिरवावा तसा. मग म्हणालात, "मशीन शिकलास बेटा. हत्यार शिकायचं राहिलं." आणि थोड्या वेळानं, "गावाकडं जाऊ नको. बार्शीला तुझी आत्या हाय न्हवं? शेवटची एसटी मिळंल. परवा ये."

परवा आलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आपानंच मला सांगितलं, डोळे पुसत, "अब्बांच्या हातनं नानांच्या हत्याराचा नंबर गेला रे. दिसत न्हाय म्हणे त्यांना आता. आपल्याला कधी बोललेच न्हाईत." तुम्ही सकाळी नानांना बोलावून घेतलं होतंत, त्यांना घेऊन आपल्या पायांनी ठाण्यात गेला होतात आणि जबाब लिहून दिला होतात. जमादारानं लिहिलेला तो कागद मी नंतर बघितला. "वयोमानाने दृष्टी अधू झाल्याने साफसफाई करताना माझ्या हातून अनवधानाने…" आणि खाली तुमची उर्दूतली सही. ती सही एवढी बारीक आणि सुबक होती की नीट बघितलं असतं तर तिथंच कुणाच्याही लक्षात आलं असतं, हा माणूस आंधळा होत चाललेला नाही.

मी तुमचे पाय धरले. म्हणालो, मी जातो ठाण्यात, मी सांगतो. तुम्ही मला उठवलंत. म्हणालात, "म्हाताऱ्याचे डोळे गेले तर लोक चुचकारत्यात. तुझ्या वस्तीतल्या पोरानं नानांच्या हत्याराचा नंबर घासला, हे कसं कानावर जाईल, कळतंय का तुला? आज्याचं तूच सांगितलं होतंस मला." आणि मग शेवटचं, "ह्या विषयावर आपलं बोलणं झालं."

चौकशी झाली, जुन्या दप्तरातून आकडा जुळला, सात-आठ महिन्यांनी नानांचं रिव्हॉल्व्हर सुटलं. ते घेऊन नाना दुकानात आले. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "उस्ताद, राग न्हाय माझा. वय झालं तुमचं. आता म्होरं हैदराबादला दाखवीन म्हणतो." तुम्ही मान खाली घातलीत. ती मान! चारसौ पचपन कमरेला लावलेल्या माणसापुढं खाली जाणारी मान मी फक्त आज्याच्या गोष्टीत ऐकली होती. मी कानस हातात घेऊन उभा होतो. मी तोंड उघडलं. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "सिद्दू, नानांना चा सांग."

आणि मी चहा सांगायला गेलो. उस्ताद, बारा वर्षं मी चहाच सांगायला गेलोय.

नानांपाठोपाठ सुभेदारही यायचे थांबले. मोठ्या बोअरचं एकही रिव्हॉल्व्हर पुन्हा तुमच्या मलमलीवर आलं नाही. मलमल तुम्ही घडी घालून ठेवलीत. बारा बोअरच्या बंदुका तेवढ्या येत राहिल्या. तुम्ही कधी एका शब्दानं मला टोचलं नाहीत. उलट ओळखीतून ओळख काढून मला इकडं कोइमतूरला लावून दिलंत. येडशी स्टेशनवर सोडायला आलात. गाडी हलताना खिडकीतून काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं दिलंत. पुढं गेल्यावर उघडलं. नानांच्या चारसौ पचपनच्या मुठीचा पेचकस. जगात एकाच स्क्रूत बसणारा. मला वाटलं, आठवण म्हणून दिलात. मग वाटलं, शिक्षा म्हणून. आता वाटतं, तुम्हाला एवढंच सांगायचं असावं की हे काम अजून तुझ्याकडं आहे.

तुमच्या डोळ्यांचं म्हणाल तर दोन वर्षांपूर्वी मी आलो होतो. एसटीतून उतरून रस्त्यापलीकडं होतो तोवर तुम्ही खाटेवरून हाक मारलीत, "डाव्या टाचंला काय झालंय रे? उचलून टाकतोस." बुटाचा खिळा टोचत होता. मी तुम्हाला दाखवायला कारखान्यातली, पंपाच्या दांड्यावर बसणारी एक पितळी बुशिंग आणली होती, माझ्या हातची, तपासून पास झालेली. तुम्ही ती उन्हात धरलीत, फिरवलीत, म्हणालात, "एका अंगाला केसभर भरतीय." मी परत जाऊन मोजली. दोन शतांश मिलिमीटर जास्त होती. गेजनं जे पास केलं ते तुमच्या नजरेनं पकडलं. चष्मा नव्हता. शेवटपर्यंत नव्हता. आपानंही आता आठवून बघावं, सुईत दोरा कोण ओवून द्यायचं घरात.

एवढं लिहून झाल्यावर मी पाच दिवस कागद उशाखाली ठेवला. मग वाटलं, नानांना न सांगता नानांसमोर हे वाचलं जाणं बरं नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. मी फोन लावला. पहिल्यांदा त्यांनी उचलला आणि मी ठेवून दिला. दुसऱ्यांदा बोललो. सगळं.

शेवटी म्हणाले, "मग त्यानं तसं का लिवून दिलं?"

मी म्हणालो, "नाना, तवा माझं नाव कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

पलीकडं काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"खरं सांगू?" नाना म्हणाले. "आत टाकलं असतं तुला. आन वस्तीत जाऊन आणखी काय केलं असतं, सांगता येत न्हाय."



"त्याला ते ठावं होतं," नाना म्हणाले. "मला माझ्यापेक्षा जास्त वळखत होता म्हातारा." मग घसा साफ करून, "आन मी कब्रस्तानाच्या दारात उभं राहून त्याच्या डोळ्यावर बोललो. सगळ्यांम्होरं."

"नाना, मी चाळिसाव्याला येतोय. हा कागद वाचायचाय. पण मला लोकांसमोर उभं राहिलं की शब्द फुटत न्हाय."

"तू कशाला वाचतोस? जे मी बोललोय ते मलाच माघारी घ्यावं लागंल. कागद पाठव. तू म्होरं बस. मी वाचतो." आणि ठेवता ठेवता म्हणाले, "सिद्धार्थ, त्या मुठीचा स्क्रू ढिला हाय. हैदराबादवाल्यानं खाच खाल्ली त्याची. कुणाला जमंना."

तेव्हा उस्ताद, आज तुमचा चाळिसावा, आणि हे शेवटचं पान मी इथंच सतरंजीवर लिहून नानांच्या हातात देतोय. मी पहिल्या रांगेत बसलोय, वरच्या खिशात तो पेचकस आहे. मी दोनदा खिसा चाचपून बघितलाय, आहे. खाच खाल्लेल्या स्क्रूत तो बसेल का नाही ठाऊक नाही. नाही बसला तर घासून बसवीन. नाना लायसन घेऊन आलेत आणि आपानं तुमची मलमल धुऊन काढलीय. आज मूठ काढताना कानशीच्या त्या रेघा मी इथल्या सगळ्यांना दाखवणार आहे. म्हणजे त्यांना कळेल, तुम्ही इतकी वर्षं नेमकं काय बघत बसायचात ते.

सुभेदार, तुम्हीही आला असाल तर जरा पुढं सरका.

आणि नाना, आता एकच ओळ राहिली. तेवढी उभं राहून, मोठ्यानं वाचा, मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशी:

उस्तादांची नजर शाबूत होती.